साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

१८९६च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात उंदीर पडू लागले. बंदराला लागून असलेला हा भाग धान्याच्या वखारींचा होता. तळमजल्यावर गोणी, वरच्या मजल्यांवर भाडेकरू, आणि दोन इमारतींच्या पाठींमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी हाऊसगल्ली. संडासाची घाण, मोरीचे सांडपाणी आणि पागोळ्यांचे पाणी सगळे तिच्यातूनच वाहायचे. मधल्या खोल्यांना खिडकी नसायची. असली तरी ती या गल्लीवर उघडायची, म्हणून बंदच राहायची. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी तिथल्या रोग्यांच्या गाठी आणि ताप पाहून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले आणि ते महापालिकेपुढे मांडले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले आणि त्यांचा पुतळा आजही मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे.

प्लेग बहुधा हाँगकाँगहून जहाजाने आला. तिथे १८९४मध्ये साथ होती आणि त्याच साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला होता. जंतू हाती लागला, तरी तो माणसापर्यंत पोचतो कसा हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. मुंबईच्या अधिकाऱ्यांची समजूत जुनीच होती: रोग घाणीतून, ओलीतून आणि कोंडलेल्या हवेतून उपजतो, जमिनीत मुरतो आणि वाफेसारखा वर येतो. पुढच्या तीस वर्षांत शहराचे जे रूप बदलले, ते या समजुतीवर आधारलेले होते.

समजूत चुकीची असली तरी तिला खाद्य पुरवणारी परिस्थिती खरी होती. १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले, १८७९मध्ये तुळशीचे, १८९२मध्ये तानसाचे. पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे त्या मानाने झाली नाहीत. सखल बेटांमधली भरणीची जमीन आधीच दमट होती; तिच्यात आता नळाचे सांडपाणीही मुरू लागले. याच काळात कापडगिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली आणि एका खोलीत दोन-तीन कुटुंबे राहू लागली. १८९१च्या जनगणनेत शहराची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती, आणि तिचा मोठा भाग आजच्या दक्षिण मुंबईच्या काही गल्ल्यांत कोंबलेला होता.

साथीवर उपाय म्हणून म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुऊन काढली. घरांच्या भिंतींना चुना लावला गेला. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, जमिनी उकरल्या गेल्या, सामान जाळले गेले. जी घरे अगदीच वाईट ठरली त्यांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली, म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य. गटारे धुतल्याने त्यांतले उंदीर बाहेर पडून घराघरांत शिरले असणार, हे आज सहज कळते. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आले नाही. रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात नेण्याविरुद्ध ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर चाल केली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गटाकर यांच्या हाती प्लेग समितीचा कारभार आला. तोवर जवळजवळ निम्मे शहर बोटींनी, गाड्यांनी, पायी गावाकडे निघून गेले होते. रोगही त्यांच्याबरोबर गेला. पुण्यात त्याच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या वॉल्टर रँड यांच्यावर २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली.

गिरण्या बंद पडल्या, युरोपातली बंदरे मुंबईचा माल घ्यायला कचरू लागली. शहराच्या वस्त्या सुधारायला हव्यात हे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारला आणि व्यापाऱ्यांना चटकन पटले ते या धक्क्यामुळे. गरिबांच्या वस्त्यांतले मरण आधीही होते. त्याने कोणाचा व्यापार अडत नव्हता. १८९८च्या चौथ्या कायद्याने मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याचे काम सुरू झाले. दाट वस्त्या फोडणे, रुंद रस्ते काढणे, सखल जमिनी भरून राहण्याजोग्या करणे, गरिबांसाठी आरोग्यदायी चाळी बांधणे आणि सरकारी पोलिसांना घरे देणे ही त्याची कामे. विश्वस्तांत सरकार, महापालिका, व्यापारी मंडळ, गिरणीमालक, पोर्ट ट्रस्ट यांची माणसे होती. ज्यांची घरे पडणार होती, त्या भाडेकरूंचा तिथे कोणीच नव्हता. लोकनियुक्त महापालिकेच्या डोक्यावर हे वेगळे मंडळ बसवल्याचा रागही नगरसेवकांत बरीच वर्षे धुमसत राहिला.

ट्रस्टने आधी हात घातला तो नागपाड्याला. पाठोपाठ प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड या योजना आल्या. हे दोन्ही रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. त्यामागचा हिशेब हवेचा होता. मुंबईत वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो आणि काळबादेवी, भुलेश्वर, मांडवीच्या इमारतींत अडतो. त्या गर्दीला आडवा छेद दिला की वारा शहराच्या पोटात शिरेल आणि रोगट हवा झाडून नेईल, असा आराखड्यांचा आधार होता. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, मरीन लाइन्सच्या बाजूने आत शिरतो. सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, चौपाटीकडून डोंगरीच्या दिशेने जातो. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एका उंचीच्या दगडी इमारती, खाली दुकाने, वर घरे. रस्ते देखणे झाले यात वाद नाही. गाड्यांना आणि मालवाहतुकीलाही ते सोयीचे पडले.

मात्र त्या रस्त्यांच्या जागी जी माणसे राहत होती, ती नव्या इमारतींत आली नाहीत. नव्या घरांचे भाडे त्यांना झेपणारे नव्हते. कामाची जागा, म्हणजे गोदी, वखार किंवा बाजार, चालत जाण्याच्या अंतरावर हवी असल्याने ती शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. पहिल्या दहा वर्षांत ट्रस्टने बांधल्या त्यापेक्षा अधिक खोल्या पाडल्या. त्यातून घरमालकांची वेगळीच हिकमत सुरू झाली. जागा ताब्यात घेण्याची सूचना निघाल्यापासून मोबदला मिळेपर्यंत काही वर्षे जात, आणि मोबदला भाड्याच्या उत्पन्नावर ठरे. तेवढ्या काळात जितके भाडेकरू कोंबता येतील तितके कोंबायचे, म्हणजे पाडायच्या घराची किंमत वाढते. गर्दी कमी करण्यासाठी केलेल्या कायद्याने काही ठिकाणी गर्दी वाढवली ती अशी.

ट्रस्टने चाळीही बांधल्या. आग्रीपाडा, नागपाडा, परळ अशा ठिकाणच्या या चाळींना बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी असे नाव पडले आणि ते अजून टिकून आहे. एका खोलीचा गाळा, समोर लांब सज्जा, मजल्याला सामायिक नळ आणि संडास. मांडवीच्या आंधळ्या खोलीपेक्षा तो नक्कीच बरा होता. प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेचे दार होते, हाऊसगल्ली नव्हती, आवार झाडून घेतले जाई. परळच्या अशाच एका चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत, भीमराव रामजी आंबेडकर यांचे कुटुंब वीसहून अधिक वर्षे राहिले. परदेशातल्या शिक्षणापासून महाडच्या सत्याग्रहापर्यंतचा काळ त्या पत्त्यावर गेला.

दरम्यान ज्या शास्त्रावर हे सगळे उभे होते, ते खालून सरकत होते. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो. त्यांचे म्हणणे अनेकांनी उडवून लावले. १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतच परळच्या प्रयोगशाळेतून नेटाने काम सुरू केले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग पिंजऱ्यात ठेवले गेले. जमिनीलगत ठेवलेले प्राणी आजारी पडले. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. दोन्हींच्या श्वासात हवा एकच होती. म्हणजे दोष हवेचा नव्हता. माणसाच्या घरातच राहणाऱ्या, कौलांत आणि धान्याच्या गोणींत घर करणाऱ्या काळ्या उंदराचा होता. मांडवीत साथ का सुरू झाली याचे उत्तर वखारींत होते, आणि समुद्रवाऱ्यासाठी काढलेल्या रस्त्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

तरीही ट्रस्ट बंद झाला नाही, आणि बंद न होणेच योग्य होते. प्लेगशिवाय शहरात क्षय होता, हिवताप होता, पटकी होती, आणि तान्ह्या मुलांचे मरण होते. १९२१मध्ये एका खोलीच्या बिऱ्हाडांत जन्मलेल्या हजार मुलांमागे आठशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, कारण बाळंतपणाला गावी जाणाऱ्या बायकांमुळे जन्म एकीकडे आणि मृत्यू दुसरीकडे नोंदला जाई. पण त्याच नोंदीत खोल्या वाढत जातात तसे मृत्यू झपाट्याने घटत जातात, आणि हा उतार नोंदणीतल्या गोंधळाने पुसला जात नाही. उजेड आणि मोकळी हवा प्लेगला रोखत नव्हती, क्षयाला आळा घालायला मात्र मदत करत होती.

या मुद्द्याला हट्टाने धरून बसलेला माणूस म्हणजे जेम्स पीटर ऑर. १९०९च्या सुमारास ते ट्रस्टचे अध्यक्ष झाले आणि दशकभर त्या जागी राहिले. सनदी नोकरीतला हा अधिकारी घरमालकांच्या सभांपासून डॉक्टरांच्या मंडळांपर्यंत जिथे जाई तिथे कोन समजावून सांगे. १९१२मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांमधल्या उजेड आणि हवेवर एक सविस्तर व्याख्यान दिले. त्यांचा नियम असा: खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेष ओढली, तर जमिनीशी तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. भूमितीच्या भाषेतला हा आकडा व्यवहारात फार सोपा आहे. समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. चाळीस फुटांची इमारत असेल तर वीस फूट. पंचेचाळीस अंश धरले असते तर उंचीइतकीच मोकळी जागा सोडावी लागली असती, आणि मुंबईच्या जमिनीच्या भावात ते कोणी ऐकले नसते. कडेने झिरपणारा उजेड पुरेसा नाही, थेट आकाश दिसले पाहिजे, हा ऑर यांचा आग्रह होता. दारे-खिडक्या मोजून समाधान मानणाऱ्या जुन्या नियमांपेक्षा हा नियम शहाणा होता, कारण तो एका घरापुरता विचार न करता दोन घरांमधल्या जागेला आरोग्याचा भाग मानत होता. ट्रस्टच्या जमिनींवर तो लागू झाला. शहराच्या बाकी भागात तो आणायला घरमालकांचा विरोध होता, आणि महापालिकेत घरमालक बरेच होते.

ऑर यांच्या काळात ट्रस्टची चालही बदलली. वस्तीच्या मध्यावर घाव घालून ती पाडण्याऐवजी शहराच्या उत्तरेला मोकळी जमीन तयार करायची, म्हणजे लोक आपोआप तिकडे सरकतील आणि आतली गर्दी विरळ होईल, असा नवा विचार होता. दादर, माटुंगा, शीव या भागांत तेव्हा भातखाचरे, माडांच्या वाड्या, मिठागरे आणि गावठाणे होती. ट्रस्टने ती जमीन कायद्याने ताब्यात घेतली. ती कसणाऱ्या कुळांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. मग सखल भाग भरले, रस्ते आखले, गटारे आणि पाण्याचे नळ टाकले, आणि त्यानंतर भूखंड भाडेपट्ट्याने दिले. आधी गटार, मग घर, हा क्रम मुंबईने एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा पाहिला. दादर-माटुंगा ही ट्रस्टची पाचवी योजना, शीव-माटुंगा ही सहावी.

प्रत्येक भूखंडाचा किती भाग बांधायचा, किती मोकळा ठेवायचा, किती मजले चढवायचे हे ठरलेले होते. मध्यभागी बागा राखलेल्या होत्या. माटुंग्याच्या पाच बागा, म्हणजे फाइव्ह गार्डन्स, आणि किंग्ज सर्कलचे वर्तुळ, आजचे माहेश्वरी उद्यान, याच आराखड्यातले. ट्रस्टमध्ये इंजिनियर असलेले मंचरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. रस्त्यारस्त्यावर झाडे लावण्याचा त्यांचा ध्यास असा की त्या झाडांची सावली अजून तिथल्या भाड्यांत मोजली जाते. बाकीच्या भागांत दक्षिण भारतीय, गुजराती आणि मराठी मध्यमवर्ग आला. हिंदू कॉलनी ही दादरची ओळख झाली.

या घरांनी एक नवा प्रकार आणला. मराठीत त्याला ‘ब्लॉक’ म्हणू लागले: स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी आणि घराच्या आतच संडास. आरोग्याच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा बदल होता, आणि सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांना पचायला सर्वांत अवघडही. संडास घरात आला तरी तो स्वयंपाकघरापासून शक्य तितका लांब असावा, सफाईसाठी त्याला बाहेरून वेगळी वाट असावी, अशी मांडणी त्या काळच्या इमारतींत दिसते. आरोग्याच्या नियमाने जातीची सवय मोडली नाही. तिला मागचा जिना करून दिला. याच हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी ‘राजगृह’ बांधले. परळची चाळ आणि दादरचे राजगृह, दोन्ही एकाच ट्रस्टच्या आखणीतली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बहुतेक कुटुंबांना तो प्रवास शक्य नव्हता.

ट्रस्टच्या घाव घालण्याच्या पद्धतीवर टीका करणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस हे नाव महत्त्वाचे आहे. हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार १९१४मध्ये आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन भारतात आले. प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी त्यांनी नवे सामान जमवून प्रदर्शन भरवले. मुंबई इलाख्यातल्या ठाणे, वांद्रे अशा गावांसाठी त्यांनी १९१५मध्ये सूचना लिहिल्या. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, भारतातला पहिला. गेडिस यांचे म्हणणे असे की जुन्या गल्लीतून रुंद रस्ता फाडत नेण्याची गरज नसते. एखादे मोडके घर काढा, तिथे लहानसे अंगण होऊ द्या, झाड लावा, विहीर दुरुस्त करा, आणि वस्ती जागच्या जागी सुधारा. १९१९मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे तो विभाग सांभाळणारे गो. स. घुर्ये त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी. मुंबईच्या कारभाऱ्यांनी गेडिस यांचा आदर केला आणि सल्ला बाजूला ठेवला.

सल्ला किती बाजूला ठेवला ते १९२०मध्ये दिसले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन करून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत जाहीर केला. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर कर बसवला. घाईने, काँक्रीटने, एकसारख्या इमारती उठल्या: तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामायिक. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीत १२, अशा २०७ बीडीडी चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्यावर काम थांबले. उजेड-हवेवर दशकभर चाललेली चर्चा या बांधकामात फारशी उतरली नाही. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, बाजार आणि दवाखान्यांपासून आणखी लांब. भाडे जास्त, खोल्या उन्हाळ्यात तापणाऱ्या. कामगार तिकडे फिरकेनात आणि कित्येक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. नंतर त्या भरल्या, इतक्या की एका खोलीत तीन पिढ्या राहू लागल्या. पण ते शहरात घरच मिळेनासे झाल्यावर.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३मध्ये महापालिकेत विलीन झाला. तोवर त्याचा नमुना देशभर गेला होता. म्हैसूरमध्ये १९०३ला, कलकत्त्यात १९११ला असे ट्रस्ट झाले. हैदराबादेत मुसी नदीच्या १९०८च्या पुरानंतर १९१२मध्ये सुधारणा मंडळ आले. बंगळूरने तर मुंबईइतकी वाटही पाहिली नाही: १८९८च्या प्लेगनंतर तिथे मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही नवी उपनगरे मोकळ्या आखणीने वसवली गेली. मुंबईत प्लेग स्वतःहून ओसरत गेला आणि १९२०च्या दशकात त्याची भीती मावळली. उंदरांची वाढलेली प्रतिकारशक्ती, लस, पक्की घरे, धान्याच्या साठ्यातले बदल अशी अनेक कारणे त्याला दिली जातात. रस्त्यांना त्यांत कितपत वाटा द्यायचा हे सांगणे कठीण आहे.

ऑर यांच्या कोनाचे पुढे काय झाले, हे मात्र मोजता येते. इमारतीच्या उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडण्याचे तत्त्व शहराच्या बांधकाम नियमांत राहिले, पण झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि प्रकल्पबाधितांच्या इमारतींना त्यात सवलती मिळत गेल्या. गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व प्रभागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या राहिल्या. सात मजल्यांची उंची साधारण २१ मीटर धरली तर साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने मध्ये साडेदहा मीटर मोकळे हवे होते. या दोन वसाहती आणि जवळचीच, अधिक मोकळ्या आखणीची पीएमजीपी वसाहत यांची तुलना करणारा एक अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी केला. त्याचे निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. दाटीच्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण पीएमजीपीपेक्षा बरेच जास्त आढळले, आणि तिथेही ऊन न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर अधिक. इमारतींमधले अंतर ठरवणारे नियम बदलावेत अशी शिफारस त्यातून पुढे आली.